जर्मनवाले आणि कर्ण्याखालची जागा

आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक कडुनिंब आहे. चैत्रात त्याला मोहोर येतो आणि बारीक पांढरी फुलं बाकड्यावर, सायकलींच्या सीटवर, उघड्या पुस्तकाच्या घडीत पडत राहतात. वास गोड असतो, पण फार वेळ घेतला तर घशात कडवटपणा उतरल्यासारखं वाटतं. बाकीच्या मुलींसाठी हा परीक्षेचा वास आहे. माझ्यासाठी तो परीक्षेचा आहे आणि लग्नांचाही. याच दिवसांत पाथर्डी रोडवरच्या आमच्या गावची बँजो पार्टी टेम्पो धुऊन काढते, कर्ण्यांना नवे दोर बांधते आणि माझा थोरला भाऊ, सोपानदादा, बँजोच्या तारा बदलतो.

यंदाही मोहोर आलाय. हॉल तिकीटही आलंय. केडगावच्या बाजूनं कुठल्यातरी मंगल कार्यालयातून "हॅलो, चेक, चेक" ऐकू येतं आणि माझं वाचन थांबतं. पूर्वी हा आवाज ऐकून मी खूश व्हायचे. आता मी कान देऊन ऐकत बसते, की बँजो आहे का, असेल तर तारा सुरात आहेत का, आणि वाजवणारा टेम्पोत कुठं बसला असेल.

हे कसं लिहावं मला नीट कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. त्यामुळे औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, मोबाईलवर कसला मेसेज आलाय, हे सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं येतं. पण ही गोष्ट मला स्वतःलाच अजून समजलेली नाही.

जर्मनवाले, म्हणजे एक जर्मन बँड, मला रुथनं दिले. रुथ माझी खोलीतली सोबतीण, श्रीरामपूरची. तिकडं ती चर्चच्या गायनमंडळात गाते. पहिल्या वर्षी एका दुपारी वीज गेली होती, खोली तव्यासारखी तापली होती आणि आम्ही दोघी फरशीवर ओल्या ओढण्या अंगावर घेऊन पडलो होतो. तिनं तिच्या इअरफोनची एक गोळी माझ्या कानात घातली आणि म्हणाली, "घाबरू नको."

मी घाबरले नाही. मला वाटलं, वरातीचा टेम्पोच दाराशी आला. तोच फाटका, जळका, तारेवर तार घासल्यासारखा आवाज, छातीच्या पिंजऱ्यात जाऊन बसणारा. मी म्हटलं, "हा तर आमच्या दादाचा बँजो." रुथ इतकी हसली की ओढणी तोंडात कोंबावी लागली. मग तिला मी समजावलं. आमच्याकडचा बँजो म्हणजे तारांची लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडायच्या. मूळचा आवाज अगदी नाजूक असतो. पण तो ॲम्प्लिफायरमधून कर्ण्यात सोडला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की फाटतो, आणि त्या फाटण्यावरच आमच्याकडची पोरं नाचतात. रुथनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे जर्मनीत जे झालं तेच तुमच्या पाथर्डी रोडला झालं."

त्या बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या तोंडून ते दरवेळी वेगळं येतं आणि त्यांच्या चाहत्यांना ते चालणार नाही. पोलादाच्या भट्ट्या असलेल्या एका गावातले ते चौघं. वडील भट्टीवर कामाला, शाळा संपल्यावर हेही भट्टीवरच. सुट्टीच्या दिवशी एका बंद पडलेल्या गोदामात वाजवायचे, कारण बाकी कुठं वाजवलं की शेजारी भांडायला यायचे. पहिल्या तीन रेकॉर्डी त्यांनी अशाच काढल्या. रेडिओवर त्या कोणी लावल्या नाहीत, पण ज्यांच्या हाती पडल्या त्यांनी पुन्हा खाली ठेवल्या नाहीत. मग एका मोठ्या कंपनीनं बोलावलं आणि सांगितलं, जरा मऊ वाजवा. त्यांनी वाजवलं. ती चौथी रेकॉर्ड नव्या लोकांनी घेतली नाही आणि जुने रागावले. गायक रुसून निघून गेला आणि गावातली बस चालवायला लागला. दुसरा गायक आणला, तो टिकला नाही. शेवटी पहिलाच परत आला, बसची नोकरी न सोडता.

असं हे चाललं, म्हातारे होईपर्यंत. ते कधी फार मोठे झाले नाहीत आणि कधी संपलेही नाहीत. वर्षातून एकदा त्यांच्याच गावच्या सभागृहात वाजवतात आणि कुठून कुठून लोक येतात. पांढऱ्या केसांची माणसं तरुणपणीचे काळे टी-शर्ट पोटावर ताणून घालतात आणि प्रत्येक शब्द पाठ म्हणतात. अशा एका व्हिडिओखाली मी एकदा भीतभीत लिहिलं होतं, की मी नगरची, माझा भाऊ असंच वाजवतो. खाली कुणीतरी एक लाल हृदय ठेवलं. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

घरी मी जर्मनवाले म्हणायचे आणि आईच्या डोळ्यांपुढं पातेली यायची. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. तिनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "भांडी घडवनारी मान्सं हायत, ठोकठोक तर येनारच." दादाला मात्र काही सांगावं लागलं नाही. त्यानं डोळे मिटून दोनदा ऐकलं, मग मांडीवर बोटं दाबून बघितली आणि पुढच्या लग्नात, नवरदेव मारुतीच्या देवळाकडं निघाला तेव्हा, त्यांच्या तिसऱ्या रेकॉर्डीतली एक चाल वाजवली. नवरदेवाचा घोडा बिचकला. पोरं मात्र अशी नाचली की देवळापर्यंतचा रस्ता संपता संपेना. कुणीतरी विचारलं, ही कोणत्या पिक्चरची? पार्टीतले कीबोर्डवाले शिवामामा म्हणाले, अजून यायचाय.

आता तो काळ आठवला की त्यातलं दुसरं काहीतरीही दिसायला लागतं. डोळे मिटून दोनदा ऐकलं, असं मी आत्ता लिहिलं. तो दोनदा का ऐकत होता, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

दादा दिवसा नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम करायचा. पत्र्यावर प्रेस आदळते, दिवसभर. लग्नसराईत सुट्टी टाकून किंवा पाळी बदलून तो बँजोवर बसायचा. बँजोवाल्याची जागा ठरलेली असते. टेम्पोच्या पुढच्या अंगाला, बरोबर कर्ण्याखाली, पाठ स्पीकरच्या पेटीला टेकवून. ती मानाची जागा. तिथं दुसरं कोणी बसत नाही, पार्टीतलं मूल खेळायला बसलं तरी त्याला उठवतात. आणि दुसरी एक रीत अशी, की बँजोवाल्याला सुरातली चूक दाखवायची नाही. तो उस्ताद. निघायच्या आधी तो एक तार छेडतो, कीबोर्डवाल्याकडं बघून विचारतो, "लागली का?" कीबोर्डवाला मान हलवतो, आणि टेम्पो निघतो. दादानं ती जागा पार्टीतल्या जुन्या उस्तादाच्या हातून घेतली तेव्हा आईनं नारळ फोडला होता.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत दादाचं नाव झालं. त्याचा आवाज कापतो, असं लोक म्हणायचे. खरंच कापायचा. त्यानं ॲम्प्लिफायरचं बटण असं काही फिरवून ठेवलं होतं की बारीक सूर सुरीसारखे यायचे. लोकांना वाटलं ही त्याची नवी तऱ्हा. मलाही तेच वाटलं आणि मी रुथला ते अभिमानानं सांगितलं. बारीक सूर त्याला ऐकू येईनासे झाले होते, म्हणून तो ते वाढवत होता. जेवढं कमी ऐकू येई तेवढं तो वाढवी, आणि जेवढं वाढवी तेवढी तारखांना मागणी येई.

हे मला शिवामामांनी सांगितलं. गेल्या वर्षी, याच निंबाखाली. केडगावला लग्न होतं, ते वाट वाकडी करून फाटकाशी आले. अंगात पार्टीचा लाल कोट, घामानं पाठीला चिकटलेला. बाकड्यावर बसले आणि बराच वेळ अभ्यासाची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, की गेल्या दिवाळीपासून सोपानच्या तारा उतरलेल्या असतात आणि त्याला ते कळत नाही. तो विचारतो लागली का, आणि मामा मान हलवतात. मग मामा कीबोर्डची पट्टी गुपचूप खाली घेतात, त्याच्या चुकलेल्या तारेशी जुळेल अशी. सगळी पार्टी त्याच्यामागं सुरात खाली उतरते. लोकांना पत्ता लागत नाही.

"पन आता लई उतराया लागलंय," ते म्हणाले. "माझ्या पेटीतली पट्टीबी संपली. तूच सांग त्याला, पूजे. आमी न्हाई सांगू शकत."

मी विचारलं, मीच का? ते उठले, कोटावरची फुलं झटकली आणि म्हणाले, "तू पार्टीत न्हाईस म्हनून."

अभ्यासाच्या सुट्टीत मी घरी गेले. कांदा काढणी चालू होती. सगळ्या शिवाराला कांद्याच्या पातीचा वास, वारा आला की डोळ्यांत धूळ. मी बघत राहिले आणि जे इतके दिवस समोर होतं ते दिसायला लागलं. आई पाठीमागून हाक मारायची आणि दादा वळायचा नाही. तो आपण बोलताना तोंडाकडं बघायचा. फोनवर पलीकडच्याला बोलूच द्यायचा नाही, आपलंच सांगून ठेवून द्यायचा. आई म्हणायची, पोरगं तोऱ्यात आलंय.

बांधावर जेवायला बसलो होतो, आई पाणी आणायला गेली होती. मला सरळ सांगायचं धाडस होईना. मी मोबाईल काढला आणि जर्मनवाल्यांची एक मुलाखत लावली. त्यांचा गिटारवाला, नेहमी विणलेली टोपी घालतो तो, आपल्या कानांबद्दल सांगतो ती. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, मी ती एकेक थांबवून दादाला मराठीत सांगत होते. मी बऱ्यापैकी मोठ्यानं बोलत होते आणि तो माझ्या ओठांकडं बघत होता. मी सांगितलं, की याला ऐकू येईनासं झालं होतं आणि हा चुकीचं वाजवत होता. बाकीचे त्याच्या चुकीशी जुळवून घेत होते. मग एक दिवस ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि त्याला सांगितलं. त्यांनी दोन वर्षं वाजवणं बंद ठेवलं. परत आले तेव्हा टोपीवाला पुढं उभा राहिला नाही. सगळ्या स्पीकरांच्या मागं खुर्ची टाकून बसला, कानांत बोळे घालून, ड्रमवाल्याच्या मानेकडं बघत. काही चाहते चिडले. पुढं उभा न राहणारा गिटारवाला कसला, म्हणाले. बाकीचे राहिले.

दादानं भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. व्हिडिओ संपला तरी तो काळ्या पडद्याकडं बघत होता.

"त्याला ड्रमवाल्यानं सांगितलं," तो म्हणाला.

"हो."

"आन् मला?"

मी मान खाली घातली असावी, कारण त्यानं माझी हनुवटी धरून वर केली. ओठ दिसले पाहिजेत म्हणून.

"किती दिस झालं?"

"दिवाळीपासून, दादा."

तो उठला आणि कांद्याच्या ओळीत जाऊन वाकून काढायला लागला. आई पाणी घेऊन आली तेव्हा त्याचं ताट तसंच होतं. तिनं विचारलं, याला काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

मग मी त्याला नगरला डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून त्यांनी तपासलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होते. दादाची बोटं बटणावर तयार होती, बँजोवर असतात तशी, आणि बराच वेळ ती हललीच नाहीत. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळता येईल. प्रेस आणि कर्णा, यातलं एक तरी सोडा, जमलं तर दोन्ही.

दादानं एक सोडलं. आईला वाटलं होतं ते नव्हे. त्यानं वर्कशॉपची नोकरी सोडली. आता तो शेत बघतो, आणि लग्नसराईत बँजो.

आई त्यानंतर माझ्याशी काही दिवस कमी बोलली. मग एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "तू शिकलेली. तू त्याला बंद कर म्हनायचं. तू म्हनालीस, मागं बस." तिचं खरं आहे. मी मागं बसच म्हणाले होते. टोपीवाल्यासारखं, टेम्पोच्या मागच्या फळीवर, कर्ण्यांच्या पाठीमागं, कानांत डॉक्टरांनी दिलेले बोळे घालून. त्यानं ऐकलं. पार्टीत कुजबुज झाली, उस्ताद मागं बसतो म्हणून. एका वरातीत तर पोरांनी बँजोवाला आलाच नाही म्हणून भांडण काढलं. शिवामामांनी त्यांना टेम्पोच्या मागं नेऊन दाखवला.

रात्रंदिवस बंद कर म्हणत राहिले असते, तर त्यानं केलं असतं का? मला वाटतं, केलं असतं. तो माझं ऐकतो. हीच गोष्ट मला छळते. कारण मी तसं म्हणाले नाही, आणि का म्हणाले नाही हे शोधायला गेलं की मला दादाची ती बोटं दिसतात, काचेआड बटणावर थांबलेली. जर्मनवाल्यांच्या टोपीवाल्याला आता किती ऐकू येतं, हे मी खूप शोधलं. मुलाखती बघितल्या, चाहत्यांची पानं वाचली. कोणत्या साली कोणती गिटार होती, हे सगळं लिहिलेलं सापडतं. हे कुठंच सापडत नाही. दोन वर्षं थांबून परत आल्याचं सगळे कौतुकानं लिहितात. परत आल्यावर त्याच्या कानात काय राहिलं, ते त्याला आणि त्याच्या घरच्यांनाच माहीत असणार. त्यालाही एखादी बहीण असेल का, असं मला उगाच वाटतं.

यंदाच्या लग्नसराईत आम्ही एक पद्धत ठरवली. तारा लावायचं ॲप मी त्याच्या मोबाईलवर घालून दिलं होतं, हिरवा दिवा लागला की तार लागली. पण दादाचा दिव्यावर विश्वास नाही, आणि शिवामामांच्या मानेवरही आता नाही. निघायच्या आधी तो मला व्हिडिओ कॉल करतो. मोबाईल बँजोपाशी धरतो, तार छेडतो आणि भुवया उडवून विचारतो, लागली का? मी बोलून उपयोग नाही. मी अंगठा वर करते किंवा खाली करते. परीक्षा असो, मेसची रांग असो, मी जिथं असेन तिथं उभी राहून ऐकते. रुथ म्हणते, तू पार्टीत नाहीस असं मामा म्हणाले होते ना, आता बघ. मी हसते. पण दरवेळी अंगठा वर केला की वाटतं, मी त्याला सांभाळतेय की त्याच्या कानातलं उरलंसुरलं आपल्या हातानं पुढं सरकवतेय?

आज सकाळी कॉल आला. दुपारी माझा पेपर होता, मी निंबाखाली बाकड्यावर बसले होते. श्रीरामपूरकडचं लग्न. पडद्यावर दादाचा चेहरा, कपाळाला गंध, मागं माणसांचा गलका. पलीकडं कुठंतरी डीजेची गाडी उभी असावी, तिचे हादरे फोनमधूनही येत होते. म्हणजे आज चुरस होती, कुणाचा आवाज मोठा याची. दादा जोरात म्हणाला, "ऐक," आणि तार छेडली. तार लागलेली होती. स्वच्छ, बरोबर सुरात. मी अंगठा वर करणारच होते, तेवढ्यात त्याच्या डोक्यामागं करड्या रंगाची गोल कड दिसली.

कर्णा. तो पुढं बसला होता. कर्ण्याखाली.

मी अंगठा खाली केला.

त्यानं कपाळाला आठी घातली, खुंटी किंचित पिळली, परत छेडली. आता तार चढली होती. मी अंगठा खालीच ठेवला. त्यानं ती पुन्हा जागेवर आणली, मोबाईल अगदी तारेजवळ आणला आणि छेडली. सूर पूर्ण बरोबर होता. मागून कुणीतरी ओरडत होतं, उस्ताद, चला, नवरदेव घोड्यावर बसला. माझा अंगठा खालीच.

दादा थांबला. त्यानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडं. मग माझी नजर कुठं लागलीय ते शोधत मान वळवून मागं, वर बघितलं. कर्ण्याकडं तो बराच वेळ बघत राहिला. मला त्याची मान तेवढी दिसत होती, उन्हानं काळी पडलेली.

मग चित्र हललं. आभाळ दिसलं, लाल कोटाची बाही, कुणाचे तरी पाय, रस्त्यावरचा गुलाल, टेम्पोच्या चाकाचा चिखल. खूप गलका होता आणि त्यात शिवामामा कुणाला तरी म्हणत होते, थांबा की, बसूद्या त्याला. चित्र स्थिर झालं तेव्हा दादाच्या मागं टेम्पोची फळी होती आणि तिच्यापलीकडं मोकळा रस्ता. त्यानं खिशातून बोळे काढले, मला दाखवले आणि एकेक करून कानांत घातले. मोबाईल समोर धरला.

तारेला त्यानं हातही लावला नव्हता. फक्त भुवया उडवल्या.

"आता लागली का?"

मी अंगठा वर केला.